भासऱ्यांच्या मापाचा ओटा

मी बुटकी आहे. लग्नाच्या फोटोत मी उभी आहे की बसलेली, यावर आमच्या घरात अजून वाद होतो. हे आधीच सांगते, कारण पुढचा सगळा राग माझ्या उंचीतून उगवलेला आहे.

आमच्या स्वयंपाकाचा ओटा माझ्या बरगड्यांना लागतो. त्यामुळे मी पाटावर उभी राहून स्वयंपाक करते. लग्नात ज्या पाटावर बसवून माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या, तोच पाट. तेव्हा वाटलं होतं, शोभेची वस्तू आहे, माळ्यावर पडून राहील. ती रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या पायाखाली आली. एकदा कढीचं पातेलं घेऊन मी त्या पाटावरून मागे पाऊल टाकलं आणि पाट तिथं संपला होता. कढी भिंतीवर, मी जमिनीवर. आमचे हे धावत आले आणि म्हणाले, "सारीच सांडली काय?"

घर बांधलं मंगरूळपीरला, बस स्टँडपासून जरा बाहेर. हे नोकरीला कामरगावला, सकाळच्या गाडीनं जायचे, दिवेलागणीला यायचे. म्हणून बांधकामावर देखरेख भासऱ्यांकडे गेली. भासरे म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे साऱ्या दिशा त्यांच्या ताब्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत छत्री घेऊन प्लॉटवर बसायचे आणि गवंड्याला पूर्व कुठं आहे ते रोज नव्यानं दाखवायचे.

आमच्याकडची रीत अशी, की धाकट्या भावजयीनं भासऱ्यासमोर यायचं नाही. आलीच तर डोक्यावर पदर, मान खाली, आणि बोलायचं ते तिसऱ्या माणसाच्या तोंडून. भासऱ्यांनीही घरात शिरताना आधी खाकरायचं. ती खोलीत असली तर त्यांनी बाहेर व्हायचं. आता पोरी भासऱ्यांसोबत सेल्फी काढतात, पण आमच्या वेळी ही रीत चांगली मजबूत होती. आमच्या घराच्या स्लॅबपेक्षा तरी मजबूत.

तर ओटा घालायचा दिवस उजाडला. रविवार होता, म्हणून हेही घरी. आत भासरे आणि मिस्त्री. मी भिंतीच्या अलीकडे, पदर घेऊन, कान लावून.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, ओटा किती उंच घेऊ?"

भासरे ताठ उभे राहिले. सहा फुटी माणूस. कमरेला हात लावून म्हणाले, "अठी घे. मानूस ताठ उभा राह्यला पाहिजे."

मी ह्यांची बाही ओढली. "अवो, त्यायले सांगा न, मी केवढी आहे ते."

हे आत गेले. बाहेर आले. म्हणाले, "दादा म्हणते, उंच ओट्यानं पाठ दुखत नाही."

"कोनाची?"

हे चपलेची माती झटकायला लागले. पुन्हा आत जायची हिंमत नव्हती. ज्या ओट्यावर जन्मभर मी राबणार, त्याचं माप घ्यायला माझ्याशिवाय सगळे हजर होते, आणि दोन विटांच्या अंतरावर मी मान खाली घालून उभी होते.

बाथरूमचंही तेच. पाणी ईशान्येला गेलं पाहिजे, असा भासऱ्यांचा हुकूम. ईशान्येला बाथरूमचं दार होतं. तेव्हापासून आमच्याकडे कोणी आंघोळ केली की पाणी आधी पॅसेज धुतं, मग देवघराचं दर्शन घेतं आणि जमलं तर मोरीत जातं. आरसा टांगला तोही भासऱ्यांच्या नाकासमोर. मला त्यात फक्त माझा भांग दिसतो. तो पांढरा कसा होत गेला, हे मी त्या आरशात टप्प्याटप्प्यानं पाहिलं आहे.

घरभरणीच्या दिवशी पंगत बसली. मी पाटावर उभी राहून, खांदे कानाला लावून, पुऱ्या लाटत होते. बाहेर भासरे पाहुण्यांना सांगत होते, "ओटा पाह्यला काय? आपल्या देखरेखीखाली झाला." त्या क्षणी मी मनाशी पक्कं केलं. एक दिवस हा माणूस ओट्यापुढे वाकेल. पाठ धरून वाकेल. आणि त्या वेळी मी बघत असेन.

तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. दुसऱ्या बायका दागिन्यांची इच्छा धरतात.

तेव्हा माझी मुलगी सहावीत होती. तिचं लग्न झालं, तिनं स्वतःचा ओटा स्वतःच्या मापानं घालून घेतला, आणि तोवर मी पाटावरच होते. मग भासरे रिटायर झाले आणि त्यांनी आमच्या शेजारच्याच प्लॉटवर घर काढलं. पाया खणला त्या दिवशी मी पेढे वाटले. भासऱ्यांना वाटलं, भावजयीला किती आनंद झाला. आनंद झालाच होता.

जाऊबाई माझ्याहूनही बोटभर बुटक्या. गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. त्या म्हणाल्या, "माह्या घरी तरी माप नीट होऊ दे वो. त्यायच्यापुढं माहं काई चालत नाई."

मी म्हटलं, "बाई, तुमचं चालत नाई, माहं चालते. तुमी फक्त उभ्या राहा."

ओट्याच्या दिवशी मी डोक्यावर चांगला नाकापर्यंत पदर घेतला आणि भासऱ्यांच्या नव्या स्वयंपाकघरात शिरले. भासरे आत, कमरेवर हात ठेवून तयार. मी दिसताच त्यांना रीत आठवली. ते खाकरले आणि बाहेर गेले. जी रीत मला भिंतीआड ठेवायची, तिनंच त्यांना लिंबाखाली सिमेंटच्या पोत्यावर नेऊन बसवलं.

मग मी काही हलले नाही. ते दाराशी येऊन खाकरायचे, मी आतून बांगड्या वाजवायचे. ते परत लिंबाखाली. शेवटी तिथूनच ओरडले, "मिस्त्री, ओटा कमरेले आला पाहिजे!"

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं, जाऊबाईंकडे पाहिलं आणि ओरडला, "हौ साहेब! कमरेलेच आहे!"

तुम्ही घर बांधत असाल तर एवढं ऐका. जी ओट्याशी उभी राहणार आहे तिला घरातली चप्पल घालून उभं करा. हात कोपरात वाकवायला सांगा. कोपराच्या मूठभर खाली ओटा घ्या. मूठभर पुरे. मी मूठ आणि आणखी दोन बोटं खाली घेतला. भाकर थापायला जोर वरून लागतो, असं मिस्त्रीला सांगितलं, आणि ते खोटं नाही. पण ती दोन बोटं भाकरीसाठी नव्हती. ओट्यावरची डब्यांची फळी जाऊबाईंचा हात पोचेल तिथं ठोकून घेतली. ती सहा फुटी माणसाच्या बरोबर कपाळाशी येते, हे मी मोजलं नव्हतं. अंदाज होता.

बाथरूम मात्र मी मन लावून केलं, कारण तिथं जाऊबाईंचे गुडघे होते. फरशी खरबरीत घेतली. दुकानदार चकचकीत दाखवतो, ती ओली झाली की काही दाखवत नाही, माणसाला सरळ पाडते. उतार जाळीकडे, दाराकडे नाही. मिस्त्री म्हणेल उतार दिला आहे. तुम्ही त्याच्यासमोर बादली ओता, चहा पिऊन या, आणि पाणी कुठं बसलं आहे ते पाहा. फरशी चिकटायच्या आधी पाहा, नंतर फक्त रडता येतं. धरायला दांडी लावा. दार बाहेर उघडू द्या, म्हणजे आत कोणी पडलं तर दार त्याच्याच अंगावर अडत नाही. हे सगळं मला कसं ठाऊक? माझ्या घरी यातलं एकही नाही, म्हणून. आरसा जाऊबाईंच्या तोंडासमोर. भासऱ्यांना त्यात आता फक्त हनुवटी दिसते. दाढी करायला तेवढी पुरते.

भासरे घर पाहून म्हणाले, "ओटा खालत झाला काय?" जाऊबाई म्हणाल्या, "तुमाले कुठं सैपाक करायचा आहे?" आणि तो विषय मिटला. मीही समजले, की माझा सूड फुकट गेला. हा माणूस ओट्याजवळ जाणारच नाही.

पण गुडघ्यांनी साथ दिली. अकोल्याला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जाऊबाईंना पलंगावर बसवलं. मुलं पुण्याला. मी म्हटलं, दोन्ही घरचं मीच करते. जाऊबाई म्हणाल्या, "नको. त्यायले करू दे. तू खिडकीत बस."

माझ्या खिडकीतून त्यांचं स्वयंपाकघर दिसतं. पहिल्या सकाळी भासरे चहा करायला आले. डबा काढायला पुढे झाले. ठक्. पलंगावरून आवाज आला, "अवो, जपून, तठी फळी आहे!" त्या रोज सांगायच्या. रोज ठक् झाल्यावर. मग कांदा चिरायला ते वाकायचे, चिरता चिरता एक हात पाठीवर जायचा. मी पाटावर उभी राहून पाहायचे. तेवढ्यासाठी पाट उपयोगी होता. एकदा इतकी हसले की माझं दूध उतू गेलं.

आठवडाभरातच माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी खाकरणं ऐकू आलं. मी पदर ओढला. खरं तर मी आत जायला हवं होतं, पण तव्यावर पोळी होती. मी हलले नाही. तेही हलले नाहीत. हातात वांग्यांची पिशवी. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि कॅलेंडरलाच सांगितलं, "बाई, माही पाठ धरली. तुमचा ओटा जरा उंच आहे म्हन्ते."

इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे होतं: "म्हन्ते कायले? आहेच. तुमीच केला."

ते पुढे आले. ओटा कमरेला लागला. खांदे सैल झाले, पाठ सरळ झाली. इतक्या वर्षांत तो ओटा पहिल्यांदाच कुणाला बरोबर बसला. दोन वांगी चिरून झाल्यावर त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली.

"हा पाट कायले?"

"उभं राह्याले."

"रोज?"

"पोरगी सहावीत होती तवापासून."

सुरी थांबली. "तवा काहून नाई सांगतलं?"

"कोनाले सांगू? तुमी आत होते, मी भिताआड."

त्यांनी सुरी बाजूला ठेवली, ओट्याच्या कडेवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "मिस्त्रीले बोलावतो. हा फोडू, तुमच्या मापाचा घालू."

हे वाक्य मी स्वप्नात कितीदा ऐकलं होतं. स्वप्नात मी दरवेळी रडायचे आणि हो म्हणायचे. त्या दिवशी मी पाटावरून उतरले, पाट ओढून भिंतीशी नेला आणि पहिल्यांदाच त्याच्यावर बसले.

"आता राहू द्या," मी म्हटलं. "आता तर तो कामाले आला. कणीक भिजवून ठेवली आहे. दोन्ही घरच्या पोळ्या लाटून घ्या. कडा पातळ ठेवा."

त्यांनी लाटणं उचललं.

तेव्हापासून रोज सकाळी खाकरणं ऐकू येतं आणि मी पाटावर बसून सांगत राहते: मीठ कमी, आच मोठी, ती पोळी नव्हे, नकाशा आहे. आमचे हे ताटावर बसले की विचारतात, "पोळी अशी कशी?" मी म्हणते, "तुमच्या दादाले विचारा. पण पाठ दुखत नाई त्यायची."

परवा जाऊबाईंकडे गेले, तर त्या दांडी धरून सरळ बाथरूमपर्यंत जाऊन आल्या. पलंगावर बसून पाय लांब केला, दुमडला. "पाह्य, पुरा वाकते आता. उद्यापासून सैपाकाले उठू काय?"

मी खिडकीतून माझ्या घराकडे पाहिलं. ओट्याशी भासरे ताठ उभे राहून कणीक तिंबत होते.

"घाई नका करू, बाई," मी म्हटलं.

त्यांनी पाय पुन्हा लांब केला आणि उशीला टेकल्या. "मलेबी नाई घाई."