न विचारता दिसणारे नाव

देवराव रंगारी यांनी आयुष्यात जितके मोर्चे अडवले, तितके फार थोड्या पुढाऱ्यांनी काढले असतील. हिवाळी अधिवेशन आले की नागपूरचे दोन भाग पडतात, बॅरिकेडच्या अलीकडचा आणि पलीकडचा. हवालदार देवरावांचे सगळे डिसेंबर त्या दोहोंच्या मधल्या रेषेवर गेले. निवृत्त होऊन ते शहराच्या कडेला, बेस्याला राहायला आले, अंगणात वांगी लावली, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांना करमेनासे झाले.

नोकरीतली त्यांची एक सवय जुने सहकारी अजून सांगतात. मोर्चा येऊन थडकला की ते पुढे होत आणि घोषणांवर आवाज चढवून आधी स्वतःचे नाव सांगत. "मी देवराव रंगारी. तुमचं नाव काय? हं, आता बोला." नाव ठाऊक असलेल्या माणसाला शिवी देताना जीभ अडखळते आणि नाव सांगून बसलेल्याचा हात काठीकडे जायला कचरतो, असा त्यांचा सिद्धांत होता. तो कोणी तपासून पाहिलेला नाही. त्यांच्या वाट्याला आलेले मोर्चे मुळातच शांत असतील, ही शक्यताही उरतेच. पण अंगणवाडी सेविकांच्या मोर्चातल्या तुळसाबाई दर वर्षी बंदोबस्ताच्या पॉइंटवर पोहोचल्याबरोबर विचारत, "आमचा देवराव कुठं आहे गा?" आणि पिशवीतून तिळाचे लाडू काढत. ज्याला अडवले त्यानेच अडवणाऱ्याला खाऊ द्यावा, असा प्रसंग बंदोबस्ताच्या अहवालात नोंदवायला रकानाच नसतो.

पोलिसांचे वर्तन आणि त्यांची जबाबदारी यांविषयीच्या एका विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला झाला, तेव्हा देवरावांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. बहुतेक सगळे पटले. एका कलमापाशी मात्र ते थबकले: नागरिकाने मागणी केल्यास पोलीस कर्मचाऱ्याने आपले नाव सांगावे.

"मागणी केल्यास!" ते बायकोला म्हणाले. "ज्याच्या पाठीवर काठी पडून राहिली, तो का नाव विचारत बसन?"

"मले काहून विचारता? मी मारली का काठी?" इंदूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या. "लईच वाटते, तं काढा मोर्चा."

ती थट्टा होती. देवरावांनी ती मनावर घेतली.

मोर्चा लहानसाच जमला. काही निवृत्त पोलीस, बेस्याच्या महिला मंडळाच्या बायका आणि निवेदन लिहून देणारी तरुण वकील भैरवी. मागणी एकच: ‘मागणी केल्यास’ हे शब्द काढा आणि नाव सदैव दिसलेच पाहिजे असे लिहा. सूचना स्वीकारण्याचा तो शेवटचा दिवस होता. विधेयक ज्या समितीपुढे होते, तिचे अध्यक्ष स्वतः मोर्चापाशी येऊन निवेदन घेणार होते. त्यांना तिथे पटले नाही, तर ते शब्द कायद्यात जसेच्या तसे जाणार होते.

भैरवीने पुरावा शोधून ठेवला होता. थंडीत शिपाई सदऱ्यावर खाकी स्वेटर चढवतात आणि नावाची पट्टी आतच राहते. अध्यक्षांना बंदोबस्ताची रांग दाखवायची, एकही नाव वाचता येणार नाही, की बोलायचे कामच उरत नाही.

अडचण एवढीच होती की त्या रांगेत देवरावांची मुलगी दीप्ती होती, पोलीस शिपाई.

"बाबा, तुमचा मोर्चा आमच्याच पॉइंटवर येऊन राहिला," तिने सकाळी बूट चढवताना बजावले. "मले ओळख दाखवू नका. पोरी हसतीन."

"मोर्चेकऱ्याले पोलिसात कोणी नातेवाईक नसते," देवराव म्हणाले.

"स्वेटर घालून जाय वं," इंदूबाई आतून ओरडल्या. "गारठा पाहिला का?"

मोर्चा बॅरिकेडपाशी पोहोचला. घोषणा झाल्या. अध्यक्षांची गाडी यायची होती, आणि तेवढ्या वेळात गप्प उभे राहणे एवढेच देवरावांचे काम होते. पण आयुष्यभराची सवय पायांत भिनलेली. बॅरिकेड दिसले आणि ते आपोआप पुढे झाले.

"मी देवराव रंगारी. मॅडम, तुमचं नाव काय?"

समोर दीप्ती. तिचे कान लाल झाले. "बाबा, मागं व्हा ना," ती दातांतून पुटपुटली.

"बाबा घरी आहेत. नाव काय तुमचं?"

शेजारची शिपाई मयुरा फिसकन हसली. "सांग ना वं, काका विचारून राहिले."

दीप्तीने स्वेटर वर केला, सदऱ्यावरची पट्टी काढली आणि स्वेटरवर लावली. मयुराने तिचे पाहून तेच केले. मग तिच्या पलीकडच्याने. बघता बघता रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्ट्या उन्हात चमकू लागल्या.

भैरवीने कपाळाला हात लावला. "काका, काय केलं हे? आपला पुरावाच पुसून टाकला तुम्ही!"

देवरावांनी रांगेकडे पाहिले आणि चूक त्यांच्या ध्यानात आली. तेवढ्यात गाडी येऊन थांबलीच. अध्यक्षांनी निवेदन वाचले, बॅरिकेडकडे नजर टाकली आणि ते मनमोकळे हसले.

"अहो रंगारी, नावं तर सगळ्यांची दिसताहेत! मग कायद्यात आणखी कशाला हवं?"

भैरवी निवेदनाच्या प्रतीची उगाच घडी करत राहिली.

"साहेब, मी विचारलं म्हणून दिसून राहिली," देवराव म्हणाले. "आता इथं उभा राहून विचारलं. मी का रोज येणार आहो? जिथं कोणी विचारलं नाही, तिथं पाहा ना."

"कुठे पाहू?"

देवरावांनी बोट दाखवले नाही. ते फक्त अध्यक्षांच्या खांद्यामागे पाहत राहिले. अध्यक्ष वळले. त्यांच्याच गाडीतून उतरलेला शिपाई दक्ष उभा होता, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून.

"काय हो," अध्यक्ष त्याला म्हणाले, "महिनाभर माझ्यासोबत आहात. तुमचं नाव काय?"

"विहंग, साहेब." त्याने घाईघाईने चेन खाली ओढली.

अध्यक्ष क्षणभर ओशाळले, मग खिशातून पेन काढून गाडीच्या बॉनेटवर निवेदन ठेवले आणि समासात लिहिले: ‘सूचना स्वीकारावी. शब्द वगळावेत.’ खाली सही केली. सभागृहात ती दुरुस्ती टिकेल की नाही, हे मतदानाच्या दिवशीच कळेल. पण समितीकडून जाणाऱ्या मसुद्यात ते शब्द आता नाहीत.

मोर्चा पांगला. देवराव पुन्हा बॅरिकेडपाशी गेले. दीप्ती समोर बघत ताठ उभी होती.

"जा ना आता, बाबा."

त्यांनी पिशवीतून इंदूबाईंनी दिलेला डबा काढला, झाकण उघडले आणि चष्मा सावरून तिच्या स्वेटरवरची पट्टी सावकाश वाचली.

"रंगारी मॅडम," ते म्हणाले, "लाडू घ्या."

दीप्तीने इकडेतिकडे पाहिले. मग एक स्वतःसाठी उचलला आणि एक मयुराच्या हातावर ठेवला.