डोंगरातली धाब्याची घरं

माझ्या जावयाने माझ्या आईला फसवलं. बारा वर्षं फसवलं. दर संक्रांतीला तिच्याच चुलीपाशी बसून, तिच्याच हातची भाकरी मोडत फसवलं. मी बैलांचा व्यापारी. गुरांच्या बाजारात माझी हयात गेली. शिंगं घासून, तेल चोपडून म्हातारा बैल जवान म्हणून विकणारे मी पाहिले, आणि खरं सांगायचं तर एकदोनदा मीही विकला. पण इतक्या सरळ चेहऱ्याचा लबाड मला सगळ्या वऱ्हाडात दुसरा भेटला नाही. आणि ज्याच्यावर इतका जीव जडावा असाही दुसरा भेटला नाही, हे माझं दुर्दैव.

जावई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा; आमच्याकडे त्यालाही जावईच म्हणतात. रोहिणखेडच्या अलीकडे त्याचा मळा होता. वांगी, मिरची, कांदा. माझा स्वभाव तापट आहे, हे मला सांगायला कोणी नको. बापाने मागे एक खुंटा आणि एक दोर ठेवला, त्यावर मी चाळीस गावांत नाव केलं ते गोड बोलून नव्हे. पण जावयावर आवाज चढवायचा नाही, ही आमच्या घरची रीत. त्यामुळे जेवढा राग मी त्याच्यापायी गिळला, तेवढं अन्नही त्या वर्षांत गिळलं नसेन.

जर्मनच्या लढाईत तो आणि माझा धाकटा भाऊ किसन, दोघे खेचरं हाकायला म्हणून पलटणीमागे गेले. दोघे तुर्कांच्या कैदेत सापडले. किसन तिकडेच राहिला. हा परत आला, आणि येताना आपल्याबरोबर इतका चमत्कारिक स्वभाव घेऊन आला की गावाने आधी हसून घेतलं, मग सवय करून घेतली.

आल्या आल्या त्याने पहिलं काम काय केलं, तर घराचं दार काढलं. चौकट तशीच, दार गायब. त्या दाराची त्याने गोठ्यात गव्हाण केली. बहीण रडली, भांडली, शेवटी तिने गोणपाट टांगलं. एकदा भर दुपारी शेजाऱ्याचं वासरू सरळ आत शिरलं आणि देवापुढची झेंडूची माळ, कुंकवाच्या करंड्याखालच्या पानासकट, खाऊन बाहेर आलं. बहीण माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन आली. मी गेलो, दात आवळून विचारलं, "जवाईबुवा, दार काऊन काढलं?"

"दादा, वासराले वाटलं, थे आत गेलं. वाटलं, बाहेर आलं. याच्यात नुकसान कोनाचं झालं?"

"देवाचं झालं!"

"देव कुठं दार लावून बसते?" असं म्हणून त्याने मला वांग्याची टोपली दिली. त्याच्याशी कोणताही वाद वांग्याच्या टोपलीपाशी संपे.

दुसरी खोड म्हणजे डोकं. तो उघड्या डोक्याने फिरायचा. आमच्याकडे माणूस शेतात धोतर गुडघ्यावर घेईल, पण डोकं उघडं टाकणार नाही. ते फक्त घरात कोणी गेलं की. हा लग्नातही तसाच. आहेरात फेटा दिला तर दोन्ही हातांनी कपाळाला लावून घ्यायचा आणि घरी नेऊन मळ्यातल्या मोटेच्या खांबाला बांधायचा. माझ्या मुलीच्या लग्नात वरपक्षाच्या म्हाताऱ्याने चारचौघांत विचारलं, "हे पाव्हने कोनाच्या सुतकात हायत?" माझ्या कानशिलातून वाफ निघाली. जावई शांतपणे म्हणाला, "बाबा, माहा फेटा गहान हाये." मंडप हसला. मीही हसलो, बाहेरून.

तिसरी खोड तुळयांची. आमची घरं धाब्याची: मातीचं सपाट छत, खाली लाकडी तुळया, त्यांची टोकं भिंतीबाहेर आलेली. कुठे नवं घर बांधलं आणि वास्तूचं बोलावणं आलं की हा आधी बाहेर उभा राहून तुळयांची टोकं मोजायचा. मग बोटांनी चाचपायचा. मग मान हलवायचा. सोनाळ्याला एका पाटलाच्या वास्तूला त्याने सुताराला भर पंगतीत सांगितलं, "मिस्त्री, तिकडं मेलेल्या मानसाच्या घराले याच्याहून सरळ तुळई असते. आन् थे बी दगडाची." सुतार वाकस घेऊन उठला. मी मध्ये पडलो म्हणून जावई वाचला. सुताराला मी पुढच्या वर्षी बैलजोडी देताना जरा नरम भाव लावला, तो त्याचाच चटका.

आणि चौथी, सगळ्यांत मोठी खोड: पडकी ठिकाणं पाहणं. लोक देवाला जातात, हा ओसाडीला जायचा. दमणी, म्हणजे टपाची बैलगाडी, जुंपायची, मला बाजूला बसवायचं आणि निघायचं. लोणारला खाली उतरून काटेरी झुडपांतली देवळं पाहिली. रोहिणखेडच्या जुन्या मशिदीपुढे आम्ही किती वेळा उभे राहिलो याला गणती नाही. तिथल्या भिंतीवर काही अक्षरं कोरलेली आहेत. ती ना त्याला येत, ना मला. तो त्यांच्यावरून बोट फिरवायचा आणि विचारायचा, "दादा, इथं दंड लिहेल असंन का?"

"कसला दंड?"

"काई नाई. काई काई दगडावर लिहेल रायते."

मग तिथेच पायरीवर बसून तो मला तिकडचं शहर दाखवायचा. हो, दाखवायचाच; हाताने हवेत. समुद्राकाठी डोंगर. डोंगराच्या कुशीत दगडाच्या पायऱ्या, अर्ध्या वाटीसारख्या, हजार माणूस बसेल अशा. आणि बसायला एक शेळी. रस्ता नीट फरसबंद, जाता जाता समुद्रात शिरलेला. पाण्यात दगडाच्या पेट्या उभ्या, वर गोल टप असलेल्या, हुबेहूब आपली दमणी. "बैल सोडून गाडीवान पानी प्याले गेला आन् परत आलाच नाही, अशी," तो म्हणायचा. राजे कोणते, लोक कोणते, त्याला ठाऊक नव्हतं. फार जुने, एवढंच. कैदेतून सुटल्यावर तो आणि किसन त्या ओसाड शहरातून चालत गेले होते, जहाज मिळेल या आशेने. इथपर्यंत आला की तो थांबायचा, उठायचा, बैल जुंपायचा. पुढचं तो फक्त माझ्या आईला सांगायचा.

आईला जन्मभर एकच गोष्ट हवी होती: किसनला अग्नी मिळाला का? सरकारी कागद आला त्यात एक ओळ होती आणि त्या ओळीत अग्नी नव्हता. जावई पहिल्या संक्रांतीला तिच्यापुढे बसला आणि म्हणाला, "माय, मिळाला. म्या सोता देल्ला. समुद्राच्या कडेले, फुटक्या नावेची लाकडं होती." आईने पदर डोळ्याला लावला आणि त्याच्या ताटात तूप वाढलं. पुढच्या वर्षी नावेच्या लाकडांत जैतुनाची फांदी आली. त्याच्या पुढच्या वर्षी तूप आलं. पाचव्या वर्षी त्या मुलखात, जिथे कुत्रंही हिंदू नसेल, तिथे एक काशीचा ब्राह्मण जहाजातून उतरला आणि मंत्र म्हणून गेला. सातव्या वर्षी चंदन आलं. आई दरवर्षी तेच विचारी आणि दरवर्षी थोडी अधिक निवांत झोपे. मी दाराशी बसून ऐकत असे. गिऱ्हाईकाने न मागता मालाची किंमत वाढत चालली की माल खोटा असतो, हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण आईच्या तोंडावरचं समाधान पाहून मी बारा वर्षं तोंड उघडलं नाही. याला फसवणुकीत सामील होणं म्हणतात. म्हणा.

आई गेली. तिची तेरवी झाली आणि पुढच्याच बाजारच्या दिवशी मी जावयाला चिंचेखाली, माझ्या खुंट्यापाशी बसवलं.

आमच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. बाजारात भाव तोंडाने ठरत नाही. तोंडाने आम्ही वाटेल ते ओरडतो. ते भोवती जमलेल्या लोकांसाठी. खरा भाव दुपट्ट्याखाली. दोघांनी हात मिळवायचे, वरून दुपट्टा टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबायची. जितकी बोटं, तितका आकडा. तोंडाने खोटं बोललेला माणूस बाजारात चालतो. दुपट्ट्याखाली खोटं बोललेल्याशी पुन्हा कोणी हात मिळवत नाही.

मी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि हात पुढे केला. तो समजला. त्याने हात आत घातला. त्याच्या तळव्याला मळ्याची माती होती.

"लाकडं किती गाड्या होती?"

"लय होती, दादा," तो तोंडाने म्हणाला. आत त्याने मूठ मिटली. एकही नाही.

मला ते माहीत होतं.

"लवकर गेला ना?"

"तवाच गेला. कळलं बी नाही त्याले." आणि आत माझी तीन बोटं दाबली गेली.

तीन दिवस. मी हात सोडला नाही, त्यानेही नाही. दुपट्टा तसाच ठेवून, गाईबैलांच्या हंबरड्यात, त्याने पहिल्यांदा सगळं सांगितलं.

लढाई मोडल्यावर पहारेकरी आपापल्या गावी निघून गेले. हे दोघे समुद्राकडे चालत निघाले. किसनच्या अंगात ताप. वाटेत ते ओसाड शहर लागलं, आणि त्याच्या वर, डोंगराच्या उभ्या कड्यात, जावयाला गाव दिसलं. चौकटी, दारं, दारांवर तुळयांची गोल टोकं रांगेने बाहेर आलेली. "दादा, आपलं गाव दिसलं मले. धाब्याचं. म्हटलं, अशी घरं बांधनारा मानूस पानी तं देईनच." किसनला पाठीवर घेऊन तो कडा चढला. पहिल्या दारापाशी हाक मारली. दुसऱ्या. तिसऱ्या. "पानी द्या हो, पोरगं आजारी हाये." दार ठोठावलं तेव्हा हाताला लाकूड लागलं नाही. दार दगडाचं, चौकट दगडाची, तुळया दगडाच्या. सगळं एकाच कड्यात कोरलेलं. आत माणसं होतीच, पण हजारो वर्षांपूर्वी ठेवलेली. वऱ्हाडाबाहेरच्या कोणी ती थडगी खालूनच ओळखली असती, तो चढला नसता. हा धाब्याखाली जन्मलेला, चढला.

एका घराचं दार चोरांनी कधीतरी फोडलेलं होतं. उन्हातून त्याने किसनला तिथे आत ठेवलं आणि पाणी शोधून आणलं. किसनने चौकटीवरच्या तुळया पाहिल्या आणि विचारलं, "घरी आलो का, बे?"

"मंग तुम्ही काय म्हटलं?" मी विचारलं.

"म्हटलं, हाव. घरीच आलो."

तीन दिवस तो त्याला घरीच आलो म्हणून सांगत राहिला. मायच्या आवाजात हाक मारली, भाकर टाकून राह्यली म्हणाला, दादा बाजारात गेलाय, येईलच म्हणाला. आमचं धाबं तेव्हा गळत होतं. किसन लढाईला जाताना त्याची चिंता करत गेला होता. तिसऱ्या दिवशी तो वर बघत म्हणाला, "दादानं धाबं चांगलं नीट केलं." आणि गेला.

झाड नाही, काटकी नाही, सगळा दगड. जावयाने किसनला आतच ठेवलं आणि फुटलेल्या दाराला धोंडे लावून ते बुजवलं. खालच्या वस्तीतला एक म्हातारा ख्रिस्ती पुजारी शेळ्यांमागे वर आला. जावई कैदेत जेवढी तुर्की शिकला होता तेवढ्या मोडक्यातोडक्या बोलीत म्हाताऱ्याने दारावरची अक्षरं वाचून सांगितली: हे घर अमक्याने स्वतःसाठी, बायकोसाठी, लेकरांसाठी केलं आहे, यात परका मुडदा जो ठेवील त्याने देवाला दंड भरावा. म्हातारा ते गंमत म्हणून सांगत होता. जावयाने ते खरं धरलं. जवळ काहीच नव्हतं. त्याने डोक्याचा फेटा सोडला आणि दारापाशी धोंड्याखाली ठेवला.

"दादा, गहान हाये म्हटलं तं तुम्ही हासले," तो म्हणाला.

त्याच्यावर आवाज चढवायची मला बारा वर्षं इच्छा होती. बाजारात सगळेच ओरडतात, त्या दिवशी रीत आड येत नव्हती, तरी चढला नाही. मेलेला भाऊ, म्हातारी आई आणि मी, तिघांना त्याने एकच खोटा माल विकला, आणि त्या व्यवहारात त्याच्या हाती काय लागलं असेल तर ताटातलं तूप.

यंदा चैत्रात तो गेला. बाभळीची लाकडं मी स्वतः निवडली, दोघांना पुरतील एवढी. डोक्याला फेटा मीच बांधला. बहीण म्हणाली, त्यांना आवडायचं नाही. मी म्हटलं, सुटला आता. घरी परत येताना त्या बिनदाराच्या चौकटीत त्याचंच एक वासरू उभं होतं. कोणी हाकललं नाही.

आता माझा एकच हिशेब उरला आहे. लढाईच्या साली बाजारातल्या विहिरीपाशी खाट टाकून किसनला आणि जावयाला भरती करून घेणारा तो माणूस. त्याच्याशी घासाघीस मीच केली होती. दोघांना वेगळं करायचं नाही, ही माझी पहिली अट. ती पाळली गेली. लढाईत पुढे न्यायचं नाही, मागेच ठेवायचं, ही दुसरी. तीही त्याने दहा माणसांत, खणखणीत आवाजात कबूल केली. मी दुपट्टा पुढे केला होता. तो हसून म्हणाला, "सरकारी कामात हे चालत नाही, शेटजी." आणि मोठ्याने बोललेला भाव आयुष्यात कधी खरा न धरणाऱ्या मी तो धरला.

त्या दगडावरचा दंड जावयाने भरला. तो त्याचा नव्हता. ज्याचा होता तो जिवंत असेल तर त्याने पुढे यावं. मी त्याच चिंचेखाली बसतो, दुपट्टा माझ्या खांद्यावर आहे. त्याने हात आत घालावा. माझ्या घरून त्याने दोघे नेले. त्यांतले किती परत येतील असं त्या दिवशी त्याच्या मनात होतं, तेवढी बोटं दाबावीत.