भांडकुदळ शेजारीण

बाळ रडायचं थांबलं आणि मला हायसं वाटलं. डोकं ठणकत होतं, हात उचलवत नव्हता. खाटेशेजारी सासूबाई भिंतीला टेकून डुलत होत्या. वाटलं, शेकाचा गुण आला.

मी बाळंतीण होते. दिल्लीत आर. के. पुरममधलं सरकारी क्वार्टर, तळमजला, जानेवारीतली दुपार. नवरा ऑफिसात. सासूबाई गावाहून खास माझ्यासाठी आल्या होत्या. बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, वर ओवा-शेपा टाकायचा, ही आमच्याकडची रीत. गावाकडचं घर कौलारू, चहूकडून वारा शिरायचा, तिथे कुणाचं काही बिघडलं नाही. त्या दिवशी सकाळी दिल्लीच्या थंडीला घाबरून सासूबाईंनी इथल्या खिडक्या लावल्या आणि फटींत जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबल्या. मी म्हटलं, "सासूबाई, गुदमरायला होतंय." त्या म्हणाल्या, "बाळंतिणीने बोलू नये, वात होतो."

वरच्या मजल्यावर एक पंजाबीण राहायची. तिचं माझं रोज भांडण. आमच्या धुरीचा वास तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांना लागायचा. रोज ती खाली आमच्या खिडकीशी येऊन ओरडायची, "अरी मराठन, होटल खोल रखा है क्या?" मी आतून उत्तर द्यायचे, "हां, आ जा, तुझे भी भून दूंगी!" बाळंतपणातली तेवढीच माझी करमणूक.

त्या दुपारीही ती आली. ओरडली. मी ऐकलंही, पण तोंड उघडेना. ती पुन्हा ओरडली. माझ्या माहेरच्यांना शिव्या घातल्या, तरी आतून हूं की चूं नाही. नंतर ती सगळ्या कॉलनीला सांगायची, "ये मराठन और चुप? मैं तभी समझ गई, कुछ गड़बड़ है."

कपडे धुवायचं धोपटणं तिच्या हातातच होतं. तिने खिडकीची काच फोडली, हात घालून कडी काढली आणि एवढा तो देह घेऊन खिडकीतून आत उतरली. आधी बाळ उचललं. दार उघडून त्याला अंगणात नेलं, उपडं धरून पाठीवर चापट्या मारत राहिली. मी दारातून येणाऱ्या गार वाऱ्यात पडून फक्त कान देत होते. बराच वेळ काही नाही. मग बाळाने असा काही टाहो फोडला की ती म्हणाली, "माँ पे गया है!"

मग मला ओढलं, मग सासूबाईंना. शुद्धीवर आल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न, "सरकारी काच कोणी फोडली?"

मी तिचे आभार मानले नाहीत. मानले असते तर तिला वाटलं असतं, डोक्यात अजून धूर आहे. चौथ्या दिवशी तिच्या नावाने खिडकीतून ओरडले, तेव्हा ती वरून हसली. आमचं भांडण तिची बदली होईपर्यंत चाललं.

आता मी नोएडात मुलाकडे असते. थंडीत तो खिडक्या बंद करतो, मी एक बोटभर उघडते. "आई, बाहेरची हवा विषारी आहे," तो म्हणतो. मी म्हणते, "तू मला हवा शिकवू नकोस."

त्या खोलीत आम्ही तिघं होतो. सासूबाई, मी, आणि हा टकल्या. तिघंही वाचलो.