ल्हासाच्या गाडीत लागलेली धाप

गाडीतल्या डॉक्टरनं यांच्या पाठीवरून स्टेथोस्कोप उचलला आणि माझ्या मुलीकडं बघत चिनी भाषेत बराच वेळ काहीतरी सांगितलं. मनीषानं ते मान खाली घालून ऐकलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "आई, आण्णांच्या फुफ्फुसात पाणी झालंय."

मी म्हणाले, "पाणी कुठनं झालं? सकाळपासून यांनी घोटभर चहाबी घेतला न्हाई."

आजाराचं नाव हाय अल्टिट्यूड पल्मनरी एडिमा. उंचावर हवा विरळ असते. काही माणसांच्या फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर त्यानं दाब वाढतो, त्यांतून पाणी झिरपतं आणि जिथं हवा असायची तिथं पाणी साचतं. माणूस कोरड्या जागी बसून बुडायला लागतो. हे शेवटचं वाक्य मनीषानं मला घरी आल्यावर सांगितलं. त्या वेळी ती एवढंच म्हणाली, "गोळी देतेत. होईल कमी."

बाहेर बघितलं तर नुसतं माळरान, आणि त्यावर बर्फाचे पट्टे. एक घर नाही, एक झाड नाही. दूर काळे याक चरत होते. गाडी पळत होती आणि अजून वर चढत होती.

आम्ही केजचे. यांचं बोअरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे, मी घरी शिवणकाम करते. मनीषा डॉक्टरकीसाठी चीनला गेली. तिचं शिक्षण संपलं तेव्हा पदवी घेताना आईबापानं यावं असा हट्ट तिनं धरला. आमच्या केजला रेल्वे नाही, गाडी बघायची तर परळीला जावं लागतं, त्यामुळं यांना रेल्वेचं अप्रूप लहानपणापासून. ल्हासाला जाणाऱ्या या गाडीचे व्हिडिओ यांनी फोनवर किती वेळा बघितले असतील देव जाणे. डब्यात भिंतीतून ऑक्सिजन सोडतात, हे तर गिऱ्हाईक थांबवून सांगायचे. पदवीचा कार्यक्रम झाला, मनीषानं तिबेटचे परवाने काढले आणि आम्ही निघालो.

शिनिंग या शहरातून ती गाडी सुटते. त्याआधी आम्ही तिथलं मोठं सरोवर बघायला गेलो होतो. ती जागाही उंचावरच. वारा असा बोचरा की कान दुखायला लागले. तिथं यांना सर्दी झाली. हॉटेलचा जिना चढताना हे मधल्या पायरीवर थांबले आणि कठड्याला टेकले. मी विचारलं, तर म्हणाले, "बूट लई जड हायेत." मला ते खरं वाटलं. त्या रात्रीपासून कोरडा खोकला लागला होता, तो हे उशीत तोंड घालून दाबत होते, हे मला खूप नंतर कळलं.

गाडीत बसताना डब्यावरच्या कर्मचारी बाईनं प्रत्येकाला विचारलं, सर्दी, खोकला, बीपी, छातीचं दुखणं काही आहे का. मनीषानं आम्हाला मराठीत विचारलं.

"काय न्हाई," हे म्हणाले.

"आण्णा, सर्दी हाय ना तुमाला?"

"गेली ती. तू सांग तिला, ठणठणीत हाय म्हणून."

मनीषानं थोडा वेळ यांच्याकडं बघितलं. पण हे इतके खुशीत होते की तिलाही यांचं मन मोडवेना. तिनं तसंच सांगितलं आणि आम्ही निघालो.

सकाळी जाग आली ती यांच्या खोकल्यानं. हे बर्थवर बसून होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले. आडवं झालं की दम कोंडतो म्हणाले. ओठ जांभळं खाल्ल्यासारखे निळे. प्रत्येक श्वासाला छातीतून बुडबुड आवाज येत होता, पातेल्यात रस्सा उकळतो तसा. मनीषानं बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला. रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगणारा हा चिमटा. कोरोनात सगळ्यांनी बघितलाय. त्यावर अठ्ठावन्न आकडा आला. तिनं तो काढून स्वतःच्या बोटाला लावून बघितला, मग पुन्हा यांच्या. पुन्हा तेच.

"मशीन बिघडलं का?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली आणि डॉक्टरला शोधायला धावली.

आमचं नशीब म्हणून गाडीत डॉक्टर होता. त्यानं बर्थजवळच्या ऑक्सिजनला नळी जोडून यांच्या नाकात घातली. आपल्याकडं बीपीसाठी देतात ती निफेडिपिन नावाची गोळी दिली. फुफ्फुसातला दाब तिनं उतरतो. आणि मग त्यानं पुढचं सांगितलं. पुढं तांगुला नावाची खिंड होती. आपल्या कळसूबाईवर कळसूबाई अशा तीन ठेवल्या तरी पुरणार नाहीत एवढ्या उंचीवर गाडी जाणार होती. मागं फिरायची सोय नव्हती.

खिंड आली तेव्हा डब्यातले लोक खिडक्यांशी उभे राहून फोटो काढत होते. मी यांचे पाय माझ्या मांडीवर घेऊन बसले होते आणि तळवे चोळत होते. पाय गार दगड. मी हाका मारत होते आणि हे नुसती मान हलवत होते. मधेच म्हणाले, "शालन, दुकानाची चावी कुणाकडं हाय?" चावी आमच्या घरी, खुंटीला होती. हे इथं नाहीत, कुठंतरी भलतीकडंच बोलत आहेत असं मला वाटलं. मी मनीषाकडं बघितलं. तिनं तोंड फिरवलं.

खिंड गेली, पण उतार असा आलाच नाही. पुढचं स्टेशन नागचू. डॉक्टर परत आला आणि मनीषाशी बोलला. या वेळी दोघं बराच वेळ बोलत होते. मग ती माझ्या शेजारी बसली.

"आई, नागचूला उतरता येतं. दवाखाना हाय, ॲम्ब्युलन्स बोलावतेत. पण नागचू ल्हासापेक्षा उंच हाय. तिथं उतरलो तर या हवेतच राहायचं. गाडीतच राहिलो तर ल्हासा अजून तीन-चार तासांवर हाय, पण ते खाली हाय. डॉक्टर म्हणतेत, घरच्यांनी सांगा."

"तू डॉक्टर हायेस ना? तू सांग."

"मला न्हाई सांगता येत," ती म्हणाली. तिचा आवाज लहानपणी ताप आल्यावर निघायचा तसा निघाला. "दुसऱ्याचा पेशंट असता तर सांगितलं असतं. आई, तू सांग."

हे ऐकत होते. नाकात नळी, त्यातूनच म्हणाले, "मला उतरवा. खाली जमिनीवर निजवा. या डब्यात जीव घुसमटतो."

आयुष्यात मी कधी यांचं बोलणं मोडलं नव्हतं असं नाही. पण असं, जीवाशी गाठ असताना, कधी नाही. मला त्या देशातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळलं होतं की खाली जायचंय आणि नागचू वर आहे. मी मनीषाला म्हणाले, "न्हाई उतरायचं. त्यास्नी सांग, आमी गाडीतच राहतो."

नागचूला गाडी थांबली. दार उघडलं आणि बाहेरची थंड हवा डब्यात शिरली. फलाटावर माणसं चालत होती, धडधाकट, जाड कोट घातलेली. हे त्या दाराकडं बघत होते, मग माझ्याकडं.  ती नजर अशी होती, जणू मी यांना मरायला ठेवून घेतलंय. दार बंद झालं, गाडी हलली. हे ल्हासापर्यंत टिकले नाहीत तर? पोरीला मी काय तोंड दाखवू? केजला दिरांना काय सांगू, उतरवा म्हणत होते आणि मी उतरू दिलं नाही?

ते तास मी कसे काढले मला सांगता येणार नाही. मधे एकदा खोकताना यांच्या रुमालाला गुलाबी फेस लागला. मनीषानं तो रुमाल पटकन घडी करून स्वतःच्या खिशात टाकला. मी बघितलं होतं. तिला वाटलं, नाही बघितलं. 

ल्हासाच्या फलाटावर चाकाची खुर्ची घेऊन माणसं उभी होती. गाडीतल्या डॉक्टरनं आधीच फोन केला होता. मी त्याचे आभारही मानू शकले नाही, तो गर्दीत मागं राहिला.

दवाखान्यात लगेच एक्स-रे काढला. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, केस पांढरे, चालणं मात्र झपझप. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला. निरोगी फुफ्फुसं त्यात काळी दिसतात, कारण आत हवा असते. यांच्या दोन्ही फुफ्फुसांवर कापूस पिंजून टाकल्यासारखं पांढरं होतं. बाई बरंच बोलल्या. मनीषा म्हणाली, "ऑक्सिजन लावून ठेवू म्हणतेत."

"एवढंच?"

"एवढंच."

मला चिनी येत नाही. पण एवढ्या लांब बोलण्याचं एवढं लहान मराठी होत नसतं, हे मला कळतं. मी पुढं विचारलं नाही. सगळं ऐकायची ताकद माझ्यात नव्हती आणि सांगायची तिच्यात.

यांना आत नेलं. मनीषाला बोलायला-समजवायला सोबत नेलं. मी एकटी बाहेर बाकड्यावर राहिले. समोरच्या पाट्या वाचता येईनात, आलंगेलं कोण काय बोलतंय कळेना. पहिल्यांदाच मनात आलं की हे गेले तर यांना इथून घरी कसं न्यायचं. ते मनात आलं आणि मला श्वास घेता येईना. हवा विरळ म्हणून की भीतीनं, देव जाणे.

शेजारी एक तिबेटी बाई येऊन बसली. माझ्याच वयाची, दोन वेण्या, कमरेला रंगीत पट्ट्यांचं वस्त्र. तिचं कोणीतरी आत असणार, कारण तीही त्याच दाराकडं बघत होती. तिनं थर्मासमधून चहा ओतला आणि वाटी माझ्या हातात दिली. चहा खारट होता, वर लोणी तरंगत होतं. दुसऱ्या वेळी मी तो तोंडातही धरला नसता. त्या दिवशी सगळा प्यायले. तिनं विचारलं काहीतरी, मी मराठीत म्हणाले, "माझा नवरा हाय आत." तिनं मान हलवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. दार उघडेपर्यंत तिनं तो काढला नाही.

मनीषा बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा जरा सैल होता. "आकडा चढायलाय आई," ती म्हणाली.

पुढं रोज थोडा थोडा फरक पडला. बुडबुड थांबली, ओठांना रंग आला, आडवं पडता यायला लागलं. एका सकाळी हे भिंतीतल्या ऑक्सिजनच्या तोटीकडं एकटक बघत होते. मला म्हणाले, "याचा पंप कुठं बसवला असंल गं?" मी तिथंच पदर तोंडाला लावून रडले. मनीषाला वाटलं काय झालं.

एवढ्या दिवसांनी मग ती मला म्हणाली, डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं की आजची रात्र काढली तरच काही खरं. आणि हेही सांगितलं होतं की गाडीतच राहिलात ते बरं केलंत. "दुसरं तरी सांगायचं होतंस मला," मी म्हणाले. ती म्हणाली, "दुसरं सांगायला लागले असते तर तोंडातून पहिलंबी निघालं असतं."

परत जाताना रेल्वे नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. गाडी पुन्हा त्याच खिंडीतून जाते. विमानानं आम्ही खाली चेंगडूला उतरलो. दमट, गरम हवा. हे विमानतळाबाहेर आले, उभे राहिले आणि छाती भरून एक श्वास घेतला. खोकला आला नाही. मनीषाचा हात धरून म्हणाले, "आता भूक लागली."

बीडला येऊन पुन्हा एक्स-रे काढला, हृदयाची सोनोग्राफी केली. सगळं साफ निघालं. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की एकदा झालेल्याला हे पुन्हा होऊ शकतं, तेव्हा उंचावर जायचं नाव काढू नका.

तुमच्यापैकी कुणी लडाखला, केदारनाथला, कैलासला निघालं असेल तर त्यांच्यासाठी हे लिहिलंय. सर्दी-खोकला असेल तर लपवू नका. वर चढताना मधे मुक्काम करा. बसल्या जागी धाप लागली, झोपलं की दम कोंडला, तर दुसरा दिवस उजाडायची वाट बघू नका. खाली उतरा. सोबतचं माणूस "काय न्हाई" म्हणालं तरी जिन्यावर ते कुठं थांबतं ते बघा.

गाडीतल्या डॉक्टरचं नाव मला माहीत नाही. त्या तिबेटी बाईचंही नाही, तिचं माणूस बरं झालं का तेही नाही. ही रुखरुख जाणार नाही.

गेल्या महिन्यात जावेच्या ऑपरेशनसाठी अंबाजोगाईला दवाखान्यात होते. जाऊ वॉर्डात झोपली होती. आयसीयूच्या बाहेर एक मुसलमान बाई एकटीच बसली होती, चप्पल दोन्ही पायांत वेगवेगळी. पूर्वी मी बघून पुढं गेले असते. त्या दिवशी शेजारी जाऊन बसले, डब्यातली भाकरी पुढं केली. गेवराईची होती, लेकाचा हायवेला अपघात झाला होता. भाकरी तिनं हातात नुसती धरून ठेवली. बऱ्याच वेळानं मला विचारलं, "तुमचं कोण हाय आत?"

मी म्हणाले, "माझं कोणी न्हाई. तुमच्यापाशी बसलेय."