भर दुपारचं भूत

"बगू कुटं? तुज्याकडं का दाराकडं?"

कॅमेरा सुरू होण्याआधी काकी एवढंच विचारायची. सांगितलं की पदर खोचून बसायची आणि खरंच तिकडे बघायची. तिचं तसं बघणं तुमच्यापैकी थोड्यांनीच पाहिलं असेल. बाकीच्यांनी दुसरा सिनेमा पाहिला.

पहिल्या सिनेमाच्या वेळी मी नुकतीच सहायक दिग्दर्शक झाले होते. आमच्या सरांचाही तो पहिलाच. गोष्ट साधी होती. मुलगी बुडून गेलेली एक आई मेल्यावरही रोज जेवणाचं ताट घेऊन उंबऱ्यावर बसते आणि वाट बघते. नावड्याजवळच्या गावात शूटिंगला एक घर मिळालं, ते काकीचं. पन्नाशीची, ठेंगणी, सतत कामात असलेली बाई. नवरा तळोज्याच्या कारखान्यात शिफ्टला जायचा. आमच्या वीस माणसांचा चहा तिनं न सांगता स्वतःवर घेतला होता.

आईचं काम करणारी नटी पहिल्याच दिवशी उशिरा येणार होती. फोकस लावायला म्हणून काकीला ताट देऊन उंबऱ्यावर बसवलं. तेवढ्यात आमच्यातलं कोणीतरी दारात आलं. काकीनं मान वर केली. चेहरा उजळला, आणि आलेलं माणूस आपलं नाही हे कळल्यावर विझला. बस, एवढंच. कॅमेरामन हळूच म्हणाला, "सर, हे बघा." सरांनी बघितलं आणि नटीला आल्या पावली परत पाठवलं. ती गाडीत बसून रडली, हेही सांगायला हवं.

लाइट भाड्यानं आणायची ऐपत नव्हती, म्हणून सगळा सिनेमा दुपारच्या उन्हात झाला. सर म्हणाले, "काकी, मुलीला जेवायला हाक मारा. तुम्हाला येईल तशी."

काकीनं हाक मारली. "चल गो बाय, भात निवला."

शॉट झाला आणि ती आत जाऊन मासे साफ करायला बसली. संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं मला कुंपणाशी थांबवून सांगितलं, "आमची थोरली सात वर्सांची व्हती. भरावाला माती काडली ना, त्या खड्ड्याच्या पान्यान बुडून गेली. ही तिला अशीच हाका मारायची."

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "हे आपल्या दोघांतच राहू दे. तिला अवघड वाटेल." मला तेव्हा ते फार समंजसपणाचं वाटलं.

पहिला सिनेमा फारसा चालला नाही, पण ज्यांनी पाहिला त्यांना काकी विसरता आली नाही. गावात बायका तिला भूत म्हणून चिडवायच्या. तीही कमी नव्हती. वाण्याला म्हणायची, "भूत आलंय, नारल नीट निवडून दे."

बारा वर्षांनी एका मोठ्या कंपनीनं तोच सिनेमा सरांना हिंदीत परत करायला सांगितला. अट होती की जुना सगळीकडून काढून टाकायचा. सरांनी सही केली. मला नव्या सिनेमात बढती मिळाली होती, मीही केली. खांदेश्वरच्या घराचे हप्ते चालू होते वगैरे कारणं मी स्वतःला देते, तुम्हाला देत नाही. सर म्हणाले, "तेव्हा मला काही येत नव्हतं गं. सगळी मजबुरी होती. आता खरा करतो." वाईट हे, की ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी दोन्ही सिनेमे शॉटनुसार ओळखते. पहिल्यात ऊन आहे, दुसऱ्यात धूर आणि निळा काळोख. पहिल्यात ती एकदाही जागची उठत नाही, दुसऱ्यात भिंतीवर चढते. पहिल्यात भीती वाटते ती तिच्या निराशेची. आपण तिचं मूल नाही याचीच आपल्याला लाज वाटायला लागते. दुसऱ्यात तिला कशाची वाट बघायला वेळच नाही. पहिल्यात ती शेवटी ताट उचलून उन्हात चालत जाते. दुसऱ्यात तिला जाळतात.

नव्या नटीला शिकवायला काकीला दोन दिवस सेटवर बोलावलं होतं. मुलगी चांगली होती, काकीच्या पायाशी बसली. "काकी, अंदर क्या सोचती थीं आप?"

"इचार नाय केला. दाराकडं बगितला."

त्या मुलीला दुपारपर्यंत ते जमलंसुद्धा. मग कॉम्प्युटरवर तिचा जबडा छातीपर्यंत ओढला गेला.

वाशीच्या मॉलमधल्या पहिल्या खेळाला मीच काकीला घेऊन गेले. सुरू होण्याआधी सर माइकवर म्हणाले, "भात ठंडा हो गया, ही ओळ माझ्या आजीची. मी खेळायला गेलो की ती अशीच बोलवायची." टाळ्या पडल्या. काकी समोर बघत राहिली. मी माझ्या पर्समध्ये उगाच काहीतरी शोधलं.

शेवटी बाई जळाली तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. काकी मला म्हणाली, "तिला जाळली कशाला? ती जेवाला बोलवीत व्हती."

बाहेर सर तिच्या पाया पडले. "काकी, कसा वाटला?"

"चांगला हाय. लायटी लय व्हत्या."

नावड्याला जाताना गाडीत तळोजा आल्यावर तिनं विचारलं, "माज्या पोरीचा तुला म्हाईत व्हता ना?"

"हो, काकी."

"त्याला पन?"

"हो."

"मंग तू बोल्ली नाय." ती रागावली असती तर मी रडले असते, पायाबिया पडले असते. ती फक्त खात्री करून घेत होती. घराशी उतरल्यावर तिनं मला चहालाही बोलावलं नाही. नंतर दोनदा गेले. दोन्ही वेळा सुनेनं दारातूनच सांगितलं, "आई घरान नाय."

गेल्या वर्षी काकी वारली. मला सरांच्या पोस्टवरून कळलं. "माझी पहिली नायिका गेली" असं लिहून त्यांनी सिनेमातला फोटो टाकला होता. दुसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला.

"ताई, तो फोटो आईंचा नाय. त्या दुसरीचा हाय. बदलाला सांगाल काय? आईंचा शिनेमा तर कुटंच मिलत नाय आता."

मी पोस्ट परत उघडली. केसांनी झाकलेला चेहरा, पांढरी साडी. दुसरा सिनेमा.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, लोक तोच चेहरा ओळखतात. आता राहू दे."

फोटोखाली हात जोडणाऱ्यांची लांबलचक रांग होती. त्या रांगेत वरून चौथं नाव माझं होतं.