सुलभाताईंचं माहेर

‘माहेरी कशाला गेलात?’ असा प्रश्न पाठीमागून आला, की आमच्या चाकणच्या प्लँटमध्ये भल्याभल्यांचे हात कीबोर्डवरून उचलले जायचे. विचारणाऱ्या सुलभाताई. आमचे सगळे लिनक्स सर्व्हर त्याच सांभाळायच्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत, पण त्या प्रश्नापुढं कुणाचं काही चालायचं नाही.

माहेर म्हणजे काय, ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात डबा खाताना सांगितलं. सर्व्हरवर प्रोग्रॅम येतो तो स्वतःच्या मूळ सेटिंग्ज घेऊनच. त्या ‘युएसआर’ नावाच्या फोल्डरात राहतात. आपल्याला काही बदलायचं तर ते ‘ईटीसी’ नावाच्या दुसऱ्या फोल्डरात लिहायचं. मशीन आधी ईटीसीतलं ऐकतं, तिथं काही नसेल तर मुळावर चालतं.

"युएसआर म्हणजे माहेर. तिथली भांडी आपण इकडची तिकडं करायची नाहीत. आपला संसार ईटीसीत मांडायचा. आणि तो मोडला तरी मशीन उघड्यावर पडत नाही, माहेरी जातं."

मला हसू आलं होतं. काय राव, सर्व्हर शिकायला आलो आणि सासर-माहेर ऐकत बसलो! पण एकदा बाहेरून आलेल्या इंजिनिअरनं घाईत मूळ फाईलच बदलली. पुढच्या अपडेटला नवी मूळ फाईल आली, त्याचा बदल पुसला गेला, लेबलं छापायची थांबली आणि भरलेले ट्रक गेटवर अडकले. मॅनेजर तणतणत होते. ताईंनी तोच बदल ईटीसीत लिहिला, मग त्या इंजिनिअरला चहा पाजला. म्हणाल्या, "माहेर प्रोग्रॅम बनवणाऱ्यांचं असतं हो. ते कधीही भिंत पाडतात, रंग देतात. आपल्याला विचारत नाहीत."

ताई मूळच्या लातूरकडच्या. पण बोलण्यात तिकडचा एक शब्द सापडायचा नाही. लग्न होऊन पिंपरीला आल्या तेव्हा जेमतेम बारावी. नवरा, राजाभाऊ, कारखान्यात फिटर. त्यांनी ओव्हरटाइम करून बायकोला शिकवलं. ताई हे सगळ्यांना सांगायच्या, आणि दर वेळी सांगताना लाजायच्या.

ईटीसीतल्या प्रत्येक फाईलच्या डोक्यावर बदलाचं कारण आणि खाली ‘सुलभा’ लिहायची त्यांची पद्धत होती. एका दुपारी अशीच एक फाईल उघडून त्यांनी मला बोलावलं. "किती छान समजावून लिहिलंय. कोणी लिहिलं हो?" मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

विसरण्याचा आजार, तोही ऐन पन्नाशीत. डॉक्टर म्हणाले, अलीकडचं आधी जातं, लहानपणचं शेवटपर्यंत टिकतं. आधी नोकरी गेली, मग आम्ही गेलो, मग पिंपरी.

मागच्या महिन्यात चऱ्होलीला त्यांच्या फ्लॅटवर गेलो. त्यांनी एकदा माझं नाव घ्यावं, एवढीच माझी आस होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"कुठून आलाव?"

ती बोली मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. चाकणहून आलो, म्हटलं. चाकण त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी धीर करून त्यांचाच प्रश्न विचारला, "ताई, माहेरी कशाला गेलात?"

"न्हाई गेले अजून," त्या खुलून म्हणाल्या. "बा यायलाय न्यायला."

वडील जाऊन किती वर्षं झाली होती. राजाभाऊ स्वयंपाकघरात चहा करत होते. ताई माझ्याकडं झुकल्या, आवाज बारीक केला.

"ह्यो मानूस लई चांगलाय. मला येळेवर खाऊ घालतो, येनी घालून देतो. कुनाचाय, काय म्हाईत."

राजाभाऊंना ऐकू गेलं होतं. ते कप घेऊन बाहेर आले. पहिला कप त्यांनी ताईंच्या हातात नीट धरवला आणि मग माझ्याशेजारी बसले.

"आज चांगला म्हणाली," ते म्हणाले. "काल घराबाहेर काढत होती."