मामाने आधी कार्डच घेतलं

माझा मामा बस चालवायचा. चालवायचा म्हणजे आता नाही चालवत, पण तेव्हा ते अजून ठरलं नव्हतं, आणि ज्या दिवशी ठरलं त्या दिवशी आम्ही त्याच्या कॉम्प्युटरमध्ये आधी काय बदलायचं यावरून वाद घालत बसलो होतो.

डेपोत त्याला सगळे बैलगाडी म्हणायचे, इतका हळू. "बैलगाडी निघाली का तिकडून? मग अजून एक झोप होते आपली," असं त्याच्या तोंडावर बोलायचे आणि त्याला राग यायचा नाही, उलट छाती फुगायची. वळण असं घ्यायचा की मागच्या सीटवर झोपलेल्याची मानही हलायची नाही. मामी म्हणायची, "आमच्या लग्नालासुद्धा उशिराच पोचले हे, मुलगा पळाला म्हणून कुजबुज सुरू झाली होती."

आणि याच माणसाच्या बसखाली एक सायकलवाला आला. पहाटेची फेरी होती, पुलाच्या थोडं अलीकडे, तो माणूस रात्रपाळी करून घरी चालला होता. जागेवरच गेला. चौकशी झाली, धुकं होतं, सायकलला दिवा नव्हता, चालकाची चूक नाही असं निघालं. सगळे म्हणाले, सुटलास बाबा. मामा मात्र घरी बसला, रजा वाढवत राहिला, दाढी वाढली, आणि जेवताना मामीने ताटात भाजी घातली की जरा वेळाने दचकून विचारायचा, "ही कधी वाढलीस?"

मला ते बघवेना. मग मी माझा जुना कॉम्प्युटर त्याला नेऊन दिला, त्यात बस चालवायचा गेम टाकला, टेबलाच्या कडेला एक स्टिअरिंग आवळून बसवलं आणि खाली पॅडल. मला वाटलं हात लावणार नाही. पण बसला. बसायच्या आधी खुर्ची पुढेमागे केली, नसलेला आरसा हाताने नीट केला. थांबा आला की बस उभी करून मान वळवून मागे बघायचा, आणि मागे काय तर दोरीवर वाळत घातलेले कपडे. मामी तिथूनच ओरडायची, "अहो, चढले सगळे, सोडा आता." तो चक्क हसायचा. मी घरी येऊन आईला सांगितलं, मामा येतोय परत माणसात.

मग डेपोच्या साहेबांचा फोन आला. सोमवारपासून येणार असशील तर ये, नाहीतर तुझी फेरी दुसऱ्याला देतो, किती दिवस मोकळी ठेवू. मामी खूश. तिला वाटलं आता जाणारच, मलाही तेच वाटलं, गेममध्ये तर किती छान चालवत होता.

तो मला म्हणाला, "अगं, हे चित्र अडखळतं. ग्राफिक्स कार्ड नवीन टाकू या." पगार अर्धाच येत होता, तेव्हा काहीतरी एकच घेता येणार होतं. मी तपासायला बसले तर सेटिंगमध्ये रस्त्यावरच्या गाड्या शून्य, माणसं शून्य. मला वाटलं, बिचारा, मशीनला झेपत नाही म्हणून सगळं बंद करून खेळतोय. मी दोन्ही चालू करून बघितलं, तर प्रोसेसरचा जीव नुसता मेटाकुटीला आलेला आणि कार्ड आपलं निवांत.

"मामा, आधी प्रोसेसर. कार्ड नंतर."

"का?"

"कारण रस्त्यावर कोण आहे, कुठून येतंय, हे प्रोसेसर ठरवतो. कार्ड फक्त ते रंगवतं."

"आणि रस्त्यावर कोणी नसेलच तर?"

"मग प्रोसेसरला फारसं काम नाही. मग कार्डच."

"मग कार्डच आण की."

"अरे पण कोणीच नाही असा रस्ता असतो का कुठे? तूच सांग, तू ड्रायव्हर आहेस."

 मामी आतून म्हणाली, "ऐका तिचं. शिकलीये ती त्यातलं." आणि मला कुठून दुर्बुद्धी सुचली, मी म्हणाले थांब, दाखवतेच तुला, आणि त्याला नको म्हणायलाही वेळ न देता गर्दी पूर्ण वाढवली.

त्याने बस काढली. गावाबाहेरचा रस्ता, झाडं, समोरून एखादा ट्रक. चित्र एकदा अडकलं, सुटलं, परत अडकलं. आणि सुटलं तेव्हा बसच्या अगदी समोर एक माणूस होता. आधी नव्हता आणि मग होता. मामाने दोन्ही पाय पॅडलवर इतक्या जोरात मारले की टेबल पुढे सरकलं.

"हा कुठून आला?"

मी घाबरून भरभर बोलत सुटले. "कुठून नाही रे, तो होताच तिथे, प्रोसेसरला दाखवायला उशीर झाला, हेच तर म्हणतेय मी मघापासून."

"होताच?"

"हो."

"आणि मी समोरच बघत होतो."

मामी दारात येऊन उभी राहिली होती. मामा स्टिअरिंगवरचे हात न काढता म्हणाला, "धुकं नव्हतं गं. होतं, पण एवढं नव्हतं. सगळे धुकं म्हणाले म्हणून मीही धुकं म्हणालो. डोळे उघडे होते माझे. झोप नव्हती, काही नव्हतं. रस्ता रिकामा होता आणि मग तो होता."

 मी मला जे येत होतं तेच बोलले. "मामा, नवीन प्रोसेसर टाकला की नाही होणार असं."

"तुझ्या मशीनमध्ये नाही होणार."

रविवारी मी कार्ड आणलं आणि बसवून दिलं. गाड्या, माणसं त्याने स्वतःच परत शून्यावर नेली. खरंच सुंदर दिसत होतं सगळं, ओल्या डांबराची चमक, पुलाचे कठडे, पाण्यात हलणाऱ्या त्यांच्या सावल्या, आणि एकही माणूस नाही. तो जराही न अडखळता चालवत राहिला.

मामी फोन हातात घेऊन आली. "साहेबांना उद्याचं काय सांगू?"

"फेरी दुसऱ्याला द्या म्हणावं."

मला वाटलं आता ती भांडेल, मला हवंच होतं ते. पण तिने तिथेच उभं राहून फोन लावला. "साहेब, त्यांची फेरी देऊन टाका." पलीकडून काहीतरी विचारलं असणार, कारण ती म्हणाली, "नाही, तब्येत बरी आहे. चालवतातही चांगलं. पण नाही येणार."